कल्याणची लेक : डॉ. आनंदीबाई जोशी



कल्याण स्टेशनातून आपल्यापैकी कितीतरी जण रोज ये-जा करतात. या गावी रेल्वे १८५४ साली आली. परंतु आजारी बाईची नाडी पाहणारी स्त्री डॉक्टर येथे पुढे कित्येक वर्षे नव्हती. परपुरुषाला दुखणे सांगायचे कसे, या संकोचाने बायका घरातच झिजत व मरत. ही उणीव भरून काढण्याचा ध्यास ज्या मुलीने घेतला, तिचे बालपण याच कल्याणात गेले. आज तिची ओळख करून घेऊ या.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या या मुलीचे माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी तिचे लग्न टपालखात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले व ती आनंदी झाली. गोपाळराव विधुर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा हट्ट. तो हट्ट अनेकदा कठोर होई, प्रसंगी हातही उगारला जाई. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. शिक्षणाचा मार्ग तिच्यासाठी फुलांचा नव्हता.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत गेला. वेळेवर योग्य औषधोपचार मिळाला नाही. हे दुःख उराशी धरून ती बसून राहिली नाही. आपणच डॉक्टर व्हायचे, असा तिने निश्चय केला.

त्या काळी समुद्र ओलांडणे हेच पाप मानले जाई. धर्मांतर केल्यास मदत करू, असे सुचवणारेही भेटले. तिने दोघांनाही नम्रपणे नकार दिला. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर (बंगाल) येथे भरसभेत तिने आपली बाजू मांडली आणि एप्रिलमध्ये कलकत्त्याहून ती पतीशिवाय निघाली. न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी तिला लेकीसारखे घरात घेतले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात जपानच्या केई ओकामी व दमास्कसच्या सबात इस्लामबुली याही शिकत होत्या. आपला धर्म, आपले शाकाहारी अन्न व आपले लुगडे सांभाळून आनंदीबाई शिकल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. अमेरिकेत वैद्यकाची पदवी घेणारी ही पहिली भारतीय स्त्री. प्रबंधाचा विषयही प्रसूतीचाच होता.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली. पण थंडीने, आबाळीने शरीर पोखरले होते. क्षयाने त्या खंगत गेल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरचा तो विभाग त्यांची वाटच पाहत राहिला.

मग त्यांचे आयुष्य वाया गेले काय? मुळीच नाही. रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन आल्या व पुढे सुरतेस स्त्रियांच्या इस्पितळाच्या प्रमुख झाल्या. वाट मोडली गेली होती, म्हणून मागच्यांना चालता आले.

पालकहो, आज कल्याणात रुक्मिणीबाई, डोंबिवलीत शास्त्रीनगर, कळव्यात छत्रपती शिवाजी महाराज अशी पालिकांची रुग्णालये आहेत. ज्या क्षयाने आनंदीबाईंचा बळी घेतला, त्याची तपासणी व औषधे आता सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. औषध मध्येच न सोडल्यास बहुतेक रोगी बरे होतात. तरीही खर्चाच्या भीतीने किंवा लाजेने दुखणे लपवणाऱ्या माता-भगिनी आपल्या मोहल्ल्यांत आहेत. त्यांना दवाखान्यापर्यंत हाताला धरून न्यायला घरचेच शिकलेले माणूस हवे.

म्हणून दहावीनंतर मुलीचे नाव शाळेतून काढण्यापूर्वी क्षणभर थांबा. ती डॉक्टर होईल, परिचारिका होईल, निदान औषधाच्या चिठ्ठीवरचे नीट वाचून आजीला समजावून सांगेल. आणि मुलींनो, चौदाव्या वर्षी एवढे मोठे दुःख पचवून जी उभी राहिली, ती तुमच्याच गावची होती, हे विसरू नका.