बोललेला शब्द टिपणारे मिर्झा रुसवा

'उमराव जान अदा' या कादंबरीचे लेखक म्हणून मिर्झा मुहम्मद हादी रुसवा यांचे नाव सर्वपरिचित आहे. मुझफ्फर अली यांचा १९८१ मधील चित्रपट आणि त्यात आशा भोसले यांनी गायिलेल्या गझला यांमुळे ही कथा मराठी रसिकांपर्यंतही पोहोचली. मात्र उर्दू लघुलिपी घडविण्याचे श्रेयही याच कादंबरीकाराला दिले जाते, हे फारसे कुणाला ठाऊक नाही.

मराठीतील रुसव्याशी या टोपणनावाचा संबंध नाही. उर्दूत रुसवा म्हणजे बदनाम. १८५७ च्या सुमारास लखनौमध्ये जन्मलेले मिर्झा हादी किशोरवयातच आई-वडिलांना पारखे झाले. घरची मालमत्ता नातेवाइकांच्या हाती गेली. अशा वेळी हैदर बख्श या सुलेखनकाराने त्यांना आधार दिला आणि अक्षर घोटण्याची कलाही शिकविली. पुढे रुडकी येथे ओव्हरसियरचे शिक्षण घेऊन त्यांनी क्वेट्टा भागात रेल्वेच्या कामावर नोकरी केली. परंतु रसायनशास्त्राच्या ओढीने ती सोडून ते लखनौला परतले आणि तेथील ख्रिश्चन महाविद्यालयात अध्यापन करू लागले. तर्कशास्त्र, गणित आणि खगोलशास्त्र हे त्यांचे आवडीचे विषय होते.

त्या काळी अवधच्या कचेऱ्यांचे दैनंदिन कामकाज प्रामुख्याने उर्दूत चाले. कारकून शिकस्ता वळणाने झरझर लिहीत. आपल्याकडील मोडीप्रमाणेच हे वळण वेगासाठी घडलेले होते. तरीही बोलणाऱ्याच्या जिभेशी लेखणीची बरोबरी होत नसे. शिवाय उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. त्यामुळे घाईत लिहिलेला मजकूर नंतर वाचताना एका शब्दाच्या जागी दुसरा वाचला जाण्याचा धोका असे. साक्षीदाराच्या जबानीत अशा एका शब्दाने निकाल फिरू शकतो.

इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये या अडचणीवर उपाय मांडला होता. त्यांच्या लिपीत शब्दाचे लेखन नव्हे, तर उच्चार टिपला जातो. व्यंजनांसाठी बारीक-ठळक रेषा आणि स्वरांसाठी ठिपके व लहान खुणा असतात. उर्दूसाठी अशी लिपी घडवायची, तर ख, घ, ठ, ढ यांसारख्या ध्वनींचीही सोय करावी लागते. मिर्झा हादी यांनी हे काम हाती घेतले. उर्दू टंकलेखन यंत्राच्या कळफलकाची मांडणीही त्यांच्या नावावर आहे.

लघुलिपीच्या शिक्षणात रेषा पाठ करणे ही केवळ पहिली पायरी असते. त्यानंतर वेग वाढवावा लागतो. खरी कसोटी शेवटी येते, कारण आपणच टिपलेल्या खुणा काही तासांनी निःसंदिग्धपणे वाचता आल्या पाहिजेत. पदरचा शब्द घालायचा नाही आणि नावडता गाळायचा नाही, ही शिस्त हातापेक्षा मनाला लावावी लागते.

या कौशल्याची गरज न्यायालयांपुरती राहिली नाही. राजकीय सभा वाढू लागताच सरकारला वक्त्यांचे शब्द हवे होते. लोकमान्य टिळकांवर १९०८ मध्ये चाललेला खटला 'केसरी'तील छापील लेखांचा होता. १९१६ मधील कारवाईचा आधार मात्र बेळगाव आणि अहमदनगर येथे त्यांनी केलेली भाषणे हा होता. त्यांच्याकडून २० हजार रुपयांचा जातमुचलका मागण्यात आला. महंमद अली जिना यांनी त्यांची बाजू मांडली. भाषणाचा समग्र अर्थ पाहिला पाहिजे, अशी भूमिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. त्याच वर्षाअखेर टिळक काँग्रेसच्या अधिवेशनासाठी लखनौला गेले. पुढे १९२२ मध्ये मौलाना आझाद यांना कोलकात्यातील भाषणांबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली. भाषणांचे सरकारी टिपण सदोष असल्याचे त्यांनी आपल्या निवेदनात नोंदविले, पण भाषणांचा आशय नाकारला नाही.

बोललेला शब्द टिपणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, याची जाण रुसवा यांना आधीपासूनच होती, असे त्यांच्या १८९९ मधील कादंबरीवरून वाटते. त्या कादंबरीत उमराव आपली कहाणी सांगते आणि रुसवा नावाचे पात्र ती तिच्या नकळत लिहून घेते. मात्र लेखन पूर्ण झाल्यावर ते तिच्यापुढे ठेवले जाते. प्रथम ती संतापते, पण पुढे त्यावर आपले मनोगत सांगते. सभेतील वक्त्याला ही संधी मिळत नसे. स्वतःचे शब्द त्याला थेट न्यायालयातच ऐकावे लागत.

आयुष्याच्या उत्तरार्धात मिर्झा हादी हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या भाषांतर विभागात गेले. २१ ऑक्टोबर १९३१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. ध्वनिमुद्रण आणि संगणक आले, तरी न्यायालयांत लघुलेखकांची भरती आजही होते. त्यांच्याकडून आजही हीच अपेक्षा असते की, बोलणाऱ्याचा शब्द त्याचाच राहावा.