‘बघतो’ न म्हणणारा माणूस

१९९३ च्या जानेवारीत मी मुंबईच्या एका उपनगरात बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. शहरात दंगल पेटली होती. एका दुपारी आमचा मुसलमान कॅशियर माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. गेली काही वर्षे एकाच तिजोरीच्या दोन किल्ल्या आम्ही दोघे सांभाळत होतो. त्याची आई आणि लहान मुलगी दोन रात्री माझ्या घरी राहिल्या तर चालेल का, असे त्याने हळू आवाजात विचारले. मी म्हणालो, बघतो. सोसायटीतल्या लोकांचा अंदाज घ्यायला हवा, असे मनाशी घोळवत मी संध्याकाळ घालवली. त्याने पुन्हा विचारले नाही. दोघींना घेऊन तो लांबच्या नातेवाइकांकडे गेला. सारे सुखरूप राहिले. पंधरा दिवसांनी तो कामावर आला आणि आम्ही पुन्हा दोन किल्ल्यांनी एकच तिजोरी उघडू लागलो. त्या शब्दाविषयी तो कधी काही बोलला नाही, आणि मीही नाही.

पुढे काही वर्षांनी तपासणीच्या कामासाठी मला कानपूरला महिनाभर राहावे लागले. त्या शहरात गणेशशंकर विद्यार्थी यांच्या नावाचे मोठे मेडिकल कॉलेज आहे. नाव ऐकलेले होते. दंगलीत मारले गेलेले संपादक, एवढीच माहिती होती. पण तरुणपणी हा माणूस कानपूरच्या करन्सी ऑफिसात कारकुनी करत होता हे कळले, आणि नोटांमध्ये आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला त्यांच्याविषयी उत्सुकता वाटू लागली. मग मिळेल ते वाचत गेलो.

विद्यार्थीजींचा जन्म २६ ऑक्टोबर १८९० चा, आजोळी, अलाहाबादचा. वडील ग्वाल्हेर संस्थानात मुंगावलीला शिक्षक. म्हणजे लहानपण गेले ते शिंद्यांच्या राज्यात. परिस्थिती ओढगस्तीची, त्यामुळे शिक्षण अर्धवट राहिले आणि करन्सी ऑफिसची नोकरी धरावी लागली. तिथे गोऱ्या साहेबाशी खटका उडाला आणि त्यांनी नोकरी सोडली. घरची अडचण असलेल्या माणसाने महिन्याचा बांधलेला पगार सोडणे म्हणजे काय, हे आमच्या पिढीला समजावून सांगायला नको. पुढे काही काळ मास्तरकी केली. मग महावीरप्रसाद द्विवेदी यांच्या हाताखाली ‘सरस्वती’ मासिकात संपादनाचे धडे घेतले. राजकारणात त्यांनी गुरू मानले ते लोकमान्य टिळकांना.

९ नोव्हेंबर १९१३ रोजी त्यांनी कानपूरला ‘प्रताप’ हे साप्ताहिक सुरू केले. शेतकरी, गिरणीकामगार, संस्थानी प्रजा यांची गाऱ्हाणी त्यात छापून येऊ लागली. जानेवारी १९२१ मध्ये रायबरेलीजवळ मुन्शीगंज येथे शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. ‘प्रताप’ने त्याची हकीकत छापली आणि एका बड्या जमीनदाराचे नाव घेतले. जमीनदाराने अब्रुनुकसानीचा खटला भरला. जवाहरलाल नेहरूंसारखे साक्षीदार ‘प्रताप’च्या बाजूने उभे राहिले, तरी शिक्षा झालीच. तुरुंगाच्या वाऱ्या पुढेही चालू राहिल्या. त्या मुक्कामांत त्यांनी व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीचा हिंदी अनुवाद केला. फरारी क्रांतिकारकांना त्यांच्या कचेरीत आसरा असे. तरुण भगतसिंग तिथेच बलवंत या नावाने काम करत होते.

मला विशेष वाटतो तो १९२४ च्या सुमाराचा त्यांचा पवित्रा. खिलाफतीचे दिवस सरले होते, गावोगाव दंगे होऊ लागले होते आणि दोन्ही बाजूंचे पुढारी आपापल्या गर्दीला खूश ठेवत होते. विद्यार्थीजींनी लिहिले ते दोघांनाही न रुचणारे. धर्माच्या आडून साध्या माणसांना भडकवणारे धूर्त लोक त्यांनी उघडे पाडले. पूजा किंवा नमाज यांपेक्षा माणसाचे आचरण मोठे, आणि देव न मानणारा सज्जन हा धर्माचे नाव घेऊन दुसऱ्याला छळणाऱ्यापेक्षा बरा, असे त्यांचे म्हणणे होते. स्वातंत्र्याच्या लढ्यात मुल्ला-मौलवी आणि धर्माचार्यांना स्थान दिले ही चूक झाली, हेही त्यांनी गांधीजींना मानत असूनच सांगितले.

९ मार्च १९३१ रोजी ते तुरुंगातून सुटले. त्या वेळी ते संयुक्त प्रांताच्या काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि कराचीच्या अधिवेशनाला निघायचे होते. २३ मार्चच्या संध्याकाळी लाहोरला भगतसिंगांना फाशी झाली. २४ तारखेला कानपुरात हरताळ पुकारला गेला. दुकाने बंद करण्यावरून बाचाबाची झाली आणि तिचे पाहता पाहता हिंदू-मुसलमान दंगलीत रूपांतर झाले. पोलीस बघत उभे राहिले, हे पुढे चौकशीतही नमूद झाले.

विद्यार्थीजी घराबाहेर पडले. आपल्या कचेरीत वावरलेल्या पोराला फाशी होऊन जेमतेम एक रात्र उलटली होती. पण शोक करत बसायला त्यांना सवड नव्हती. हिंदू वस्तीत अडकलेल्या मुसलमानांना त्यांनी बाहेर काढले, सुरक्षित जागी पोचवले. मग मुसलमान वस्तीत अडकलेल्या हिंदूंसाठी ते तिकडे गेले. २५ मार्चला चौबेगोला भागात जमावाने त्यांना मारले. वय अवघे चाळीस. दोन दिवसांनी इस्पितळातल्या प्रेतांच्या ढिगात त्यांचा देह सापडला. आपल्याला असे मरण यावे, असे गांधीजींना वाटले. कराची काँग्रेसने डॉ. भगवानदास यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिच्या अहवालावर इंग्रज सरकारने बंदी घातली.

आता कोणी म्हणेल, त्यांच्या जाण्याने दंगल कुठे थांबली? पुढे १९४७ झाले, १९९२-९३ झाले. खरे आहे. पण त्या दिवशी ज्या घरांतून माणसे जिवंत बाहेर पडली, त्यांच्यापुरता तरी हिशेब वेगळा आहे. असे धैर्य ऐन दंगलीच्या दिवशी कुठून उसने मिळत नाही, एवढे मला त्यांच्या चरित्रातून कळले. ते पगार सोडताना थोडे जमा झाले होते, जमीनदाराचे नाव छापताना थोडे, आपल्याच लोकांना न आवडणारे लिहिताना थोडे. २४ मार्चला दार उघडून बाहेर पडताना त्यांना सोसायटीचा अंदाज घ्यावा लागला नाही. मी मात्र तोवर प्रत्येक लहान प्रसंगी बघतो असेच म्हणत आलो होतो. मग मोठ्या प्रसंगी तोंडून दुसरे काय निघणार?

माणसांवरचा विश्वास म्हणजे माणसे वाईट वागणारच नाहीत अशी समजूत नव्हे. दोन्ही बाजूंची माणसे काय करू शकतात, हे विद्यार्थीजींनी त्या दोन दिवसांत डोळ्यांनी पाहिले होते. तरीही दुसऱ्या वस्तीत जाताना त्यांनी हिशेब मांडला नाही.

आमचा कॅशियर आता निवृत्त झाला आहे. दिवाळीला त्याचा फोन येतो, ईदला माझा जातो. त्याची मुलगी शाळेत शिक्षिका आहे. तो हाच पेपर घेतो, रविवारची पुरवणी आधी उघडतो. तीसहून अधिक वर्षे तोंडाने जे बोलता आले नाही, ते आज त्याला इथे वाचायला मिळेल. त्या संध्याकाळी मी तुझ्या आईला आणि मुलीला घरी घेऊन यायला हवे होते.