ब्रशची ठिणगी आणि निकोला टेस्ला

रिमोटच्या छोट्या गाडीची मोटर ज्यांनी उघडली आहे, त्यांना तिचे दुखणे ठाऊक आहे. वेग वाढावा म्हणून आपण आर्मेचरवरची बारीक तार काढून जाड तारेचे कमी वेढे देतो. गाडी पळते, पण मोटर प्रवाह जास्त खेचते. कम्युटेटरवर घासणाऱ्या ब्रशपाशी ठिणग्या उडतात, तांबे काळे पडते. त्याच ठिणग्या रेडिओच्या संदेशातही ढवळाढवळ करतात, म्हणून मोटरला कपॅसिटर डाख देऊन जोडावा लागतो. याच ठिणगीने सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याला बेचैन केले होते.

निकोला टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ रोजी आजच्या क्रोएशियातील स्मिल्यान गावी, एका सर्बियन धर्मगुरूच्या घरी झाला. तो मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या लष्करी सरहद्दीत मोडत असे आणि त्या सरहद्दीच्या शिष्यवृत्तीवरच तो १८७५ साली ग्रात्सच्या तंत्रविद्यालयात दाखल झाला. (त्याआधी सैन्यभरती टाळायला तो डोंगराळ भागात निघून गेला होता, हे आपल्या अंकातही लपवायला नको.)

एकदा वर्गात प्राध्यापक पेशल ग्राम यांचे विद्युतयंत्र मोटर म्हणून चालवून दाखवत होते. ब्रश सारखे ठिणग्या टाकत होते. ब्रश आणि कम्युटेटर काढूनच टाकता येणार नाहीत का, अशी शंका निकोलाने काढली. प्राध्यापकांनी भर वर्गात ती कल्पना अशक्य ठरवली. निकोलाजवळ उत्तर नव्हते. पुढे अभ्यास मागे पडला, जुगाराचा नाद लागला, पदवीविनाच ग्रात्स सुटले. शंका मात्र डोक्यात राहिली.

१८८२ साली बुडापेस्टच्या एका बागेत मित्राबरोबर फिरताना तिचे उत्तर सापडले. टेस्ला यांनी काठीने मातीत आकृती काढली. फिरणाऱ्या भागाला बाहेरून वीज पोहोचवायचीच कशाला? सभोवतीच्या स्थिर गुंडाळ्यांत प्रत्यावर्ती प्रवाह एकामागून एक अशा क्रमाने सोडले, की चुंबकीय क्षेत्रच गोल फिरेल आणि मधल्या भागाला ओढत नेईल. घासणारे काही नाही, मग ठिणगी कुठली! पुढच्या वर्षी स्ट्रासबर्गला नोकरी करता करता त्यांनी तशी मोटर बनवली. ती फिरली, पण पैसे घालणारा कोणी भेटला नाही. पेटंटे मिळाली ती अमेरिकेत, १८८८ साली. इटलीत गॅलिलिओ फेरारिस यांनाही हे स्वतंत्रपणे सुचले होते.

१८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्यांनी पाण्याच्या हौदात एक छोटी नाव सोडली. पोटात बॅटरी, एक मोटर पंख्याला, दुसरी सुकाणूला आणि हुकूम सगळे बिनतारी. आत माकड बसवले असावे, असाही काहींचा तर्क झाला. ८ नोव्हेंबरला पेटंट मिळाले. त्यात युद्धातला उपयोगही लिहिला होता, पण सैन्याला तेव्हा त्यात रस वाटला नाही. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कमधील हॉटेलच्या खोलीत, एकटे असतानाच, टेस्ला वारले.

आपल्या छंदवर्गात आता ब्रशलेस मोटरी आल्या आहेत. त्यांत गुंडाळ्या स्थिर असतात, नियंत्रक तीन तारांतून क्षेत्र फिरवतो आणि आतले चुंबक त्यामागे धावते. उघडलीत तर कम्युटेटर शोधत बसू नका.