डॉ. येल्लाप्रगड सुब्बाराव

दक्षिण भारतातील भीमवरम या गावी १२ जानेवारी १८९५ रोजी एका गरीब कुटुंबात येल्लाप्रगड सुब्बाराव यांचा जन्म झाला. बालपणी त्यांचे मन अभ्यासात रमत नसे. एकदा तर यात्रेकरूंना केळी विकून धन मिळवावे, या विचाराने ते घर सोडून काशीच्या वाटेला लागले. पण आईने त्यांना परत आणले. पुढे तिसऱ्या खेपेस ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले.

मद्रासच्या वैद्यक महाविद्यालयात असताना ते खादी वापरू लागले. त्यामुळे एका इंग्रज प्राध्यापकाची त्यांच्यावर इतराजी झाली आणि त्यांना एम. बी. बी. एस. ऐवजी एल. एम. एस. या दुय्यम पदवीवर समाधान मानावे लागले. संग्रहणीने त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने मरण पावले. त्या रोगावर तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. हे दुःख उरात घेऊन सुब्बाराव १९२३ मध्ये अमेरिकेत बोस्टन येथे गेले. उदरनिर्वाहासाठी त्यांनी रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे केली आणि हार्वर्ड विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे संशोधन केले.

१९४० मध्ये ते लेडर्ली या औषधे बनविणाऱ्या संस्थेत गेले. यकृताच्या अर्कात असे एक द्रव्य असते, की ज्यावाचून काही जीवाणू प्रयोगशाळेत वाढत नाहीत. हेच फॉलिक ॲसिड होय. एका पेशीच्या दोन पेशी होताना त्याची गरज असते; म्हणून माणसाच्या शरीरात नवे रक्त तयार होण्यासही ते लागते. १९४५ मध्ये सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनी ते कृत्रिम रीतीने तयार केले. संग्रहणीच्या रोग्यांना त्याचा गुण आला. भावांसाठी जे मिळाले नाही, ते इतरांना मिळाले.

याच सुमारास बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांवर उपचार करीत होते. त्यांनी फॉलिक ॲसिडच्या जातीची द्रव्ये देऊन पाहिली. तेव्हा काही मुलांच्या अस्थिमज्जेत रोगट पेशी अधिकच झपाट्याने वाढल्याचे त्यांना दिसले. उपाय उलटला होता. परंतु त्या अपयशातूनच वाट सापडली. ज्या द्रव्याने या पेशी वाढतात, ते त्यांना मिळूच दिले नाही तर? कुलपात खोटी किल्ली अडकली, की खरी किल्ली आत शिरत नाही. त्याचप्रमाणे दिसण्यात फॉलिक ॲसिडसारखे, पण त्याचे कार्य रोखणारे ॲमिनोप्टेरिन हे औषध सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने फार्बर यांना पुरविले. १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी १० मुलांना उतार पडला होता. हा उतार काही काळच टिकला. तरीही त्या असाध्य रोगाला औषधाने मागे रेटता येते, हे प्रथमच दिसून आले. याच जातीचे मेथोट्रेक्सेट हे औषध आजही वापरले जाते.

त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात, वयाच्या ५३ व्या वर्षी, झोपेतच सुब्बाराव यांचे निधन झाले. मायदेशी परतण्याचा योग त्यांना आला नाही. त्यांनी शोधांचे श्रेय सहकाऱ्यांना दिले व स्वतः मागे राहिले. म्हणून त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. पण त्यांच्या परिश्रमांचे फळ मात्र देशोदेशीच्या रुग्णांना मिळत आहे.