गिलसाहेबांचे तेलरंग

अजिंठ्याचे नाव काढले की आपल्याकडच्या माणसाला तीन गोष्टी हमखास आठवतात. एक पद्मपाणी, दुसरा वाघाच्या मागावर आलेला जॉन स्मिथ आणि तिसरी पारो. पारोचे नाव आले की मागोमाग मेजर रॉबर्ट गिलचे येतेच. ना. धों. महानोरांचे 'अजिंठा' हे दीर्घकाव्य १९८४ साली आले, २०१२ साली त्यावर नितीन चंद्रकांत देसाई यांचा चित्रपट आला आणि गिलसाहेब घराघरांत एका प्रेमकथेचे नायक म्हणून जाऊन बसले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लासूर स्टेशनसारख्या गावात मुलांच्या हातात ब्रश देण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला या माणसाचे दुसरेच दुःख जास्त जवळचे वाटते. ते दुःख रंगांचे आहे. डबीतल्या, ट्यूबमधल्या, जवसाच्या तेलात घोटलेल्या रंगांचे.

गिलचा जन्म १८०४ सालचा, लंडनचा. विशीच्या आसपास तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाला. त्या काळी नकाशे नि किल्ल्यांची रेखाटने हा लष्करी कामाचाच भाग असल्याने बऱ्याच गोऱ्या अधिकाऱ्यांचा हात चित्रकलेत बरा असे; गिलचा बरा नव्हे, चांगलाच होता. इकडे १८१९ साली इंग्रजांच्या नजरेस पडलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांची अवस्था दर पावसाळ्यागणिक बिघडत होती. येणारा जाणारा हौशी प्रवासी आठवण म्हणून चित्राचा तुकडाच खरवडून नेत होता. जेम्स फर्ग्युसन या वास्तुअभ्यासकाने १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचून, ही चित्रे नाहीशी होण्याआधी त्यांच्या नकला तरी करून घ्या, असा आग्रह धरला. सोसायटीने कंपनीच्या संचालकांकडे शब्द टाकला आणि १८४४ साली या कामावर कॅप्टन गिलची नेमणूक झाली. पुढच्या वर्षी तो अजिंठ्याला आला. वय चाळिशीचे. काम थोड्या वर्षांत उरकेल असा सगळ्यांचा होरा होता. ते अठरा-एकोणीस वर्षे चालले.

अजिंठा मुलूख तेव्हा निजामाचा. आमच्या लासूरवरून जाणारी रेल्वे यायला अजून पन्नासहून अधिक वर्षे होती. आज मी मुलांची सहल घेऊन निघालो तर संभाजीनगरपर्यंत चाळीस आणि तिथून पुढे शंभर असे किलोमीटर एका दिवसात जाऊन येऊन होतात. गिलचा मुक्काम अजिंठा गावातल्या बारादरीत. तिथून घाट उतरायचा, वाघूर नदीच्या दरीत शिरायचे, वटवाघळांनी आणि कबुतरांनी भरलेल्या लेण्यांत उभे राहायचे आणि अंधारात रंग जुळवायचा. पूर्वी लेण्यांतले सेवक दारात पत्रा धरून त्यावरचे ऊन आत फेकत, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे काम काय असेल याची थोडी कल्पना येईल. ऊन सरकले की रंग बदलतो. सकाळी जुळलेला तांबडा दुपारी विटकरी दिसू लागतो.

या कामासाठी त्याने घेतले तेलरंग आणि कॅनव्हास. माझ्या दृष्टीने त्याच्या साऱ्या कहाणीचा सांधा इथे आहे.

तेलरंगच का, हे समजायला अवघड नाही. विलायतेत त्या काळी भव्य, कायमचे, संग्रहालयात टांगायचे चित्र म्हणजे तेलरंगातलेच. जलरंग हे प्रवासातल्या टिपणांचे, कागदावरचे काम. शिवाय सोयही नुकतीच झाली होती. जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली रंगासाठी कथलाची ट्यूब शोधून काढली. त्याआधी घोटलेला तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवीत आणि भोक पाडून पिळून काढीत. उरलेला वाळून जाई. तेलरंग सावकाश वाळतो हाही मोठा गुण. काल लावलेल्या छटेत आज दुसरी मिसळता येते. चेहऱ्यावरची सावली हळूहळू उतरवता येते. भिंतीएवढी नक्कल करायची तर हे सारे उपयोगी.

पण ज्या भिंतीची नक्कल करायची, ती भिंत तेलाची नव्हती. अजिंठ्याच्या कारागिरांनी आधी छिन्नीने खडक खडबडीत केला, त्यावर माती, खडीची भुकटी, भाताचा कोंडा आणि गवताचे तंतू मळून लिंपण दिले, वर पातळ पांढरा लेप देऊन पृष्ठभाग गुळगुळीत केला आणि तो कोरडा झाल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले. रंग तरी कोणते? तांबडा म्हणजे गेरू, जो आपल्याकडे पोळ्याला बैलांच्या शिंगांना लागतो. पिवळा म्हणजे पिवडी. काळी काजळी. चुन्याचा आणि पांढऱ्या मातीचा पांढरा. हिरवी माती तर आपल्याच काळ्या पत्थराच्या पोकळ्यांतून मिळणारी. परदेशी म्हणावा असा एकच, अफगाणिस्तानच्या खाणींतल्या लाजवर्द दगडाचा निळा. तो पाचव्या शतकातल्या लेण्यांत दिसतो, त्याहून कितीतरी जुन्या नऊ आणि दहा क्रमांकांच्या लेण्यांत दिसत नाही. गिलच्या काळात तोच निळा युरोपातल्या कारखान्यांत तयार होऊ लागला होता आणि ट्यूबमध्ये भरून स्वस्तात मिळत होता.

म्हणजे एका बाजूला माती, डिंक आणि गेरू. कोरडे, चमक नसलेले, भिंतीत मुरलेले. दुसऱ्या बाजूला जवसाचे तेल. चकचकीत, खोल आणि वर्षे जातील तसे पिवळट होत जाणारे. एकाच्या भाषेतले दुसऱ्याच्या भाषेत उतरवायचे काम गिल करत होता. त्यात तो किती यशस्वी झाला हे आज नीट ठरवता येत नाही, कारण त्याने केलेले बहुतेक सगळे जळून गेले. पण जी चार-पाच चित्रे उरली आहेत त्यांवरून एवढे दिसते की त्याने फक्त आकार उचलले नाहीत. भिंत कुठे फुटली आहे, लिंपण कुठे पडले आहे, तेही त्याने नोंदवले. सुंदर करून दाखवण्याचा मोह त्याने आवरला, ही गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

इथे थोडे विषयांतर. इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणारी मुले आजकाल पोस्टर कलरपेक्षा ॲक्रिलिक मागतात. पाण्यात कालवता येतो, वास नाही, दहा मिनिटांत वाळतो आणि वाळला की पाण्याने निघत नाही. मलाही तो आवडतो. मात्र आमच्याकडच्या एप्रिलमध्ये तो ब्रशवरच वाळू पाहतो, पॅलेटवर सारखे पाणी शिंपडावे लागते. चित्रकारांच्या हाती हा पाण्यातला ॲक्रिलिक आला तो १९५०च्या दशकात, अमेरिकेत. गिलला तो मिळाला असता तर काम निम्म्या वेळात झाले असते, असे एका मुलीने मला मोठ्या हुशारीने पटवून दिले होते. खरे आहे. पण ॲक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकच. तेही जळलेच असते.

पारोबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गिल विवाहित होता, इंग्रज बायको होती, मुले होती. अजिंठ्याला त्याच्या आयुष्यात पारो आली. तिच्याविषयी लोक जे सांगतात ते पुष्कळ आहे. दगडावर आहे ते थोडे आहे. अजिंठा गावात तिची समाधी आहे आणि तिच्यावर गिलने आपल्या लाडक्या पारोच्या आठवणीसाठी म्हणून २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख कोरून घेतली आहे. कंपनीच्या लष्करातला एक अधिकारी एका खेड्यातल्या बाईचे नाव त्या काळात उघडपणे दगडावर कोरतो, यातच काय ते आले. बाकीचे कवींनी सांगावे.

त्याच सुमारास गिलच्या हाती कॅमेरा आला. तो उत्तम छायाचित्रकार झाला. अजिंठा, वेरूळ, लोणार इथली त्याची जुळी छायाचित्रे, दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिली की खोली दिसणारी, फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ साली दोन पुस्तकांत लंडनला छापून आली. मग चित्रांचे फोटोच का काढले नाहीत, असे कोणी विचारील. अंधार हे एक कारण. दुसरे असे की तेव्हाच्या ओल्या काचेच्या पट्टीला निळा प्रकाश तेवढा कळे; तांबडा आणि पिवळा तिच्यावर काळा उमटे. आणि अजिंठा तर गेरू आणि पिवडीचाच. रंगाची साक्ष रंगानेच द्यायची होती.

तयार होत जातील तशी चित्रे लंडनला रवाना होत. सगळी मिळून तीसएक, काही तर भिंतीच्या मापाची. लंडनच्या दक्षिणेला सिडनहॅम इथे काचेचा आणि लोखंडाचा प्रचंड क्रिस्टल पॅलेस होता. मूळचा १८५१च्या प्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये बांधलेला आणि नंतर तिथे हलवलेला. गिलची बहुतेक चित्रे तिथे मांडली गेली. हजारो लोकांनी अजिंठा प्रथम पाहिला तो तिथे. ३० डिसेंबर १८६६ रोजी पॅलेसच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली. तेल प्यायलेला कॅनव्हास जळायला किती वेळ लागतो हे मी वेगळे सांगायला नको. दुसऱ्या दिवशी अठरा वर्षांच्या कामातली चार-पाच चित्रे शिल्लक होती, ती तिथे मांडलेली नव्हती म्हणून.

त्याहून मला चुटपुट लागते ती दुसऱ्याच गोष्टीची. या चित्रांची ट्रेसिंग किंवा छायाचित्रे कोणी करून ठेवलीच नव्हती. १८५६ साली प्राचीन भारतावरच्या एका इंग्रजी पुस्तकात त्यांतले काही तुकडे लाकडी ठशांनी बारीक आकारात छापले होते, तेवढेच. नष्ट होणाऱ्या चित्रांची नक्कल व्हावी म्हणून सरकारने पैसा खर्च केला, माणसाचे अर्धे आयुष्य घेतले आणि त्या नकलेची नक्कल करून ठेवावी हे कोणाला सुचले नाही.

बातमी अजिंठ्याला पोचली तेव्हा गिल बासष्ट वर्षांचा होता. या वयात माणूस मायदेशी परततो. तो परतला नाही. पुन्हा काम करायची तयारी त्याने दाखवली, कॅमेरा चालू ठेवला, लेण्यांवर लक्ष ठेवत त्याच मुलखात राहिला. माझ्या मते गिलचा मोठेपणा त्याच्या जळालेल्या चित्रांत जितका आहे तितकाच या राहण्यात आहे.

१८७२ साली सरकारने हेच काम मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे सोपवले. ग्रिफिथ्स हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन येत. आपल्या मुंबईच्या मुलांनी, पेस्तनजी बोमनजी यांच्यासारख्या पुढे नावारूपाला आलेल्या चित्रकारांनी, तिथे हात तयार केला. माध्यम पुन्हा तेच, कॅनव्हासवर तेलरंग. १८८५ पर्यंत तीनशेच्या आसपास चित्रे झाली. आणि त्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये ती ठेवली होती तिथे आग लागून त्यांतला एक-तृतीयांशाहून अधिक भाग गेला.

हे पाहायला गिल नव्हता. आजारी अवस्थेत त्याला अजिंठ्याहून भुसावळला नेले, तिथे १० एप्रिल १८७९ रोजी त्याचा अंत झाला. भुसावळच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याची कबर आहे. घाटाच्या वर पारो, घाटाच्या खाली कितीतरी कोसांवर तो.

तेलरंगाच्या सवयीने मूळ भिंतीचेही नुकसान केले. तेलचित्र फिके दिसू लागले की त्यावर व्हार्निश मारायचे, रंग उजळतो, हा कॅनव्हासचा रिवाज. ग्रिफिथ्स यांच्या काळात तोच भिंतीवर लावला गेला, म्हणजे नकलेसाठी चित्र स्पष्ट दिसावे. पुढे निजाम सरकारने १९२०च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटू लागलेले लिंपण पक्के करण्याचे मोलाचे काम केले, पण वरून लाखेचा लेपही दिला. हे लेप काळवंडले, त्यांवर धूळ आणि वटवाघळांची घाण बसली. मातीच्या लिंपणाला श्वास घ्यावा लागतो, तो कोंडला. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ गेली कित्येक दशके हे थर बोटाबोटाने काढत आहेत, आणि खाली अजूनही गेरू तसाच तांबडा निघतो आहे.

१९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम आल्या तेव्हा त्यांनी तेलाला हात लावला नाही. अंड्याच्या बलकात रंग कालवण्याची जुनी इटालियन रीत त्यांनी आयुष्यभर अभ्यासली होती, त्यामुळे अजिंठ्याचा कोरडा पोत त्यांना लगेच ओळखता आला. त्यांच्याबरोबर नंदलाल बोस होते, असितकुमार हळदार होते. तरुण नंदलालांनी पुढे शांतिनिकेतनात जे केले त्यात अजिंठ्याची ती रेषा जागोजागी भेटते.

गिलची उरलेली चित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. मी ती प्रत्यक्ष पाहिलेली नाहीत, छापील पाहिली आहेत. तेल पिवळट झाले आहे, काळोख वाढला आहे. तरीही एका कोपऱ्यात, जिथे लिंपण निसटून खालचा खडक उघडा पडला आहे, तिथला करडा रंग इतका नेमका आहे की तो जुळवायला साहेबाला किती वेळा ट्यूब पिळावी लागली असेल, याचा मी हिशेब करत बसतो.