सर्पगंधेला जगाची मान्यता मिळवून देणारे डॉ. रुस्तम वकील

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला डॉक्टर फार काही देऊ शकत नसत. विश्रांती, मीठ वर्ज्य आणि अगदीच निकड भासल्यास मज्जातंतूंवरील अवघड शस्त्रक्रिया, एवढेच उपाय होते. या अंधारात वाट दाखवली ती मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी.

१९११ मध्ये मुंबईत जन्मलेल्या वकिलांनी लंडनमध्ये वैद्यकाचे उच्च शिक्षण घेतले आणि मायदेशी परतून हृदयरोगतज्ज्ञ म्हणून लौकिक मिळवला. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे सर्पदंश, निद्रानाश आणि उन्माद यांवर पूर्वापार वापरले जाई. रक्तदाबावरील तिच्या परिणामाकडे काही भारतीय डॉक्टरांनी १९३१ पासूनच लक्ष वेधले होते. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाने त्याची दखल घेतली नव्हती. वकिलांनी ५० रुग्णांवरील काटेकोर निरीक्षणे १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केली आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळीतून रेसर्पिन वेगळे केले. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली उत्तेजक द्रव्ये ते रिती करते. त्यामुळे रक्तदाब उतरतो. मात्र हीच क्रिया मेंदूतही घडत असल्याने काही रुग्णांना नैराश्याने ग्रासले. गुण ठेवून दोष काढता येईल का, हा प्रश्न रसायनशास्त्रज्ञांपुढे उभा राहिला.

उत्तर शोधताना या रेणूचा हळवेपणा उघड झाला. त्यातील एस्टरबंध तोडल्यावर उरणाऱ्या रेसर्पिक आम्लात औषधी शक्ती राहत नाही. एका कार्बनवरील हायड्रोजनची दिशा बदलली, की तयार होणारे आयसोरेसर्पिन जवळजवळ निष्प्रभ ठरते. उलट, एक मेथॉक्सी गट नसलेले डेसर्पिडिन तितकेच कामाचे असते. एका टोकाचा गट बदलून बनवलेल्या सायरोसिंगोपिनचा मेंदूवरील परिणाम बराच सौम्य असतो.

वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार आणि १९५८ मध्ये पद्मभूषण हा किताब लाभला. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि रेसर्पिन मागे पडले. तथापि, रक्तदाब गोळीने आटोक्यात ठेवता येतो, हा विश्वास रुजवण्यात वकिलांचा वाटा मोठा होता. परंपरेतील औषध रुग्णाच्या खाटेशी तपासून, मोजून, मगच जगापुढे मांडावे, हा त्यांनी घालून दिलेला धडा आजही तितकाच मोलाचा आहे.