रंगांनी नाकारलेला कारखानदार

मोटारीचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणे, लांबी भरणे, घासणे ही कामे उमरेडपासून नागपूरपर्यंतच्या कुठल्याही गॅरेजात होतात. खरी परीक्षा असते ती रंग जुळवण्याची. कंपनीने दिलेला रंगाचा क्रमांक गाडीवर नोंदलेला असतो. परंतु विदर्भाचे चार-पाच उन्हाळे सोसलेल्या गाडीचा मूळ रंग उतरलेला असतो. त्याच क्रमांकाचा ताजा रंग मारला, तर दुरुस्तीची जागा ठिगळासारखी उठून दिसते. म्हणून पेंटर डब्यात दुसऱ्या छटांचे थेंब घालत जातो, पत्र्याच्या तुकड्यावर फवारा मारतो आणि तो वाळल्यावर गाडीशेजारी धरून दिवसाच्या उजेडात पाहतो. ट्यूबलाइटखाली एकसारखे भासलेले दोन रंग उन्हात वेगळे निघू शकतात. रंग मोजणारी यंत्रे आली असली, तरी अखेरचा निवाडा डोळाच करतो.

हा डोळा सर्वांनाच लाभत नाही. काहींना जन्मतःच लाल व हिरव्या छटांतील भेद नीट कळत नाही. या दोषाचे मूळ एक्स गुणसूत्रात असल्याने तो स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो. दृष्टी अन्यथा उत्तम असल्यामुळे तो असलेल्यालाही वर्षानुवर्षे त्याचा पत्ता नसतो. रंगांतील फरक नीट न कळण्याच्या अशाच एका उणिवेने महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाला वळण दिले. ती उणीव होती लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या अभ्यासात त्यांचे मन रमत नसे; ओढ होती ती चित्रांची आणि यंत्रांची. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठिंब्यामुळे १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात प्रवेश घेतला. रेखाटनात हात सफाईने चाले. रंगकाम मात्र साधेना. दोनेक वर्षांनी उलगडा झाला, की त्यांना अंशतः रंगांधत्व आहे. चित्रकार होण्याचे स्वप्न तिथेच संपले.

लक्ष्मणराव खचले नाहीत. रंग सुटले तरी रेषा हाती होती. त्यांनी यांत्रिक आरेखनावर लक्ष केंद्रित केले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक झाले. तेथील यंत्रशाळेत त्यांनी यंत्रे जवळून अभ्यासली. दरम्यान बंधूंच्या साथीने बेळगावात सायकलींचे दुकान सुरू केले होते. पुढे बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडून बेळगाव गाठले.

तेथे कडबा कापण्याची यंत्रे तयार झाली, पाठोपाठ लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज असल्याने पहिले मोजके नांगर खपण्यासच दोन वर्षे लागली. त्यातच नगरपालिकेच्या योजनेमुळे कारखान्याची जागा सोडावी लागली. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. ते स्वतः उत्तम चित्रकार होते. रंगांना मुकलेल्या कारखानदाराला आधार दिला तो रंगांत रमणाऱ्या राजाने! त्यांनी देऊ केलेल्या कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगरांबरोबर तेथे पंप घडू लागले आणि कामगारांसाठी आखीव वसाहत वसली. त्या वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले, तेव्हा किर्लोस्कर हे नाव देशभर पोहोचले होते.

लक्ष्मणरावांना आपली उणीव कळण्यास विद्यालयातील दोन वर्षे खर्ची घालावी लागली. जपानी नेत्रतज्ज्ञ इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ठिपक्यांच्या तक्त्यांमुळे आज हीच तपासणी काही मिनिटांत होते. रंगकामाच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणाने ती आधीच करून घेणे शहाणपणाचे. निष्कर्ष प्रतिकूल आला, तरी निराश होण्याचे कारण नाही. एक दार बंद झाल्यावर त्याच वास्तूतील दुसरे दार शोधता येते, हे लक्ष्मणरावांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे.